कोणाची गो तू

पत्रक
मालवण, २ जून २०२५

सिंधुदुर्गातल्या, पदवी हातात घेऊन घरी बसलेल्या मुलांनो आणि मुलींनो,

तुमचा अपमान रोज होतो आणि तो तुम्हाला अपमान वाटेनासा झाला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

तुम्ही अर्ज घेऊन कुडाळला जाता, सावंतवाडीला जाता, पहिली गाडी धरून गोव्याला जाता. टेबलापलीकडचा माणूस तुमच्या फाईलला हात लावत नाही. तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि विचारतो, "कोणाचो रे तू?" तुम्ही काय शिकलात हे त्याला नको असतं, तुमच्या मागे कोण उभं आहे ते हवं असतं. आणि तुम्ही मान खाली घालून मामाचं नाव सांगता, आजोबांचं सांगता, वाडीतल्या पुढाऱ्याचं सांगता. त्यातलं एखादं ओळखीचं निघालं तर तुम्ही माणूस. नाही निघालं तर पुढचा नंबर.

१९८६ साली मी बावीस वर्षांचा होतो. आमच्याच तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठीच्या शिक्षकाची जागा निघाली होती. माझ्याबरोबर कोणी नव्हतं. समोर पाच माणसं बसली होती. अध्यक्षांनी विचारलं, "कोणाचो रे तू?" मी म्हणालो, "कोणाचाही नाही साहेब. माझ्या गुणांवर आलो आहे." पाचांपैकी एकालाही पुढे बोलता आलं नाही. त्या एका वाक्यावर मी छत्तीस वर्षं ताठ मानेनं शिकवलं.

ते वाक्य आज मी तुम्हाला देतो. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर बापाचंही नाव घेऊ नका. "माझाच", "माझीच" एवढं म्हणा आणि गुणपत्रिका पुढे करा.

ज्यांना पटणार नाही त्यांनी मला पत्र लिहावं. फोनवर मी वाद घालत नाही. फोनवर बोललेलं माणूस उद्या नाकारू शकतो.

परशुराम राऊळ (भाई)
निवृत्त शिक्षक

---

धामापूर, ११ जून

ती. भाईकाका,

नमस्कार. धामापूर ते मालवण एसटीनं तासभराची वाट. तरी लिहिते आहे, कारण समोर आले तर तुम्ही बोलाल आणि मी ऐकत बसेन.

तुमचं पत्रक आमच्या बसस्टॉपवर लागलं आहे. अर्ध्यावर कुणीतरी शिवणक्लासची जाहिरात चिकटवली आहे, पण तुमचं नाव आणि ते वाक्य दिसतं. मी ते वाक्य वापरलं.

सोमवारी दोडामार्गला गेले होते. तिथे काजूचा एक कारखाना आहे. गर तपासायच्या खोलीत त्यांना रसायनशास्त्र शिकलेली मुलगी हवी होती. बाबांनी आदल्या दिवशी माझी फाईल स्वतः लावून दिली. निघताना म्हणाले, "घाबरू नको गो. ॲसिड पाण्यात घालूचा, पाणी ॲसिडात नाय. ह्या इचारतत." मला हसू आलं. बाबा दहावी शिकलेले, कुठे ऐकलं असेल कोण जाणे.

आम्ही दहा मुली बाकावर होतो. माझ्या शेजारी कसालची पूजा गावडे होती. तिला ब्याऐंशी टक्के, मला एकाहत्तर. तिनं तिच्या डब्यातलं घावन मला दिलं, म्हणाली, "खा, नायतर आत गेल्यार पोट वाजात."

माझा नंबर आला. मॅनेजर शंकर नाईक, साठीचे, खिशात तीन पेनं. फाईल न उघडता म्हणाले, "कोणाची गो तू?"

मी म्हणाले, "माझीच. गुणपत्रिका बघा."

मागे दाराबाहेरच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. ते म्हणाले, "तुझीच, बरा. पण रवतलस खंय?"

मी म्हणाले, "ते माझं मी बघीन."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मगे जा बाय. तुझा तू बघ." मी उठून आले. जागा बांद्याच्या रिया नावाच्या मुलीला मिळाली.

सावंतवाडीपर्यंत बसमध्ये मला फार बरं वाटत होतं. सावंतवाडीच्या पुढे वाटेनासं झालं.

घरी सांगितल्यावर आई हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी मला दोनदा विचारलं, "तू काय म्हटलस?" मग मागच्या दारी जाऊन लाकडं रचत बसले. जेवताना म्हणाले, "भाईक इचार, ता वाक्य तेणा खंयसून हाडल्यान."

म्हणून विचारते. मी बरोबर केलं ना?

तुमची,
समीक्षा

---

मालवण, १६ जून

चि. समीक्षा,

बरोबर केलंस का म्हणून विचारतेस? पोरी, मी चाळीस वर्षं भाषणं करतो आहे. टाळ्या वाजवून माणसं घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारात मान खाली घालून उभी राहतात. माझ्या बोलण्याचा खरोखर उपयोग करणारी तू पहिली. आणि ती माझ्या घरातली निघाली.

काल कुडाळच्या युवक मेळाव्यात मी तुझी गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो की धामापूरच्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं दोडामार्गच्या कारखान्यात असं असं उत्तर दिलं. तीनशे मुलं उभी राहिली. दोन मिनिटं मला पुढे बोलू दिलं नाही.

त्या मॅनेजरचं शेवटचं वाक्य नीट वाच. तुझं तू बघ, असं तो म्हणाला. ज्याच्यामागे कोणी नाही त्याला हा जिल्हा असंच हाकलतो. जागा गेली तर जाऊ दे.

आता दाजीबद्दल. तुझा बाप माझा मोठा भाऊ आहे, मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण तू आता मोठी झालीस म्हणून लिहितो. दाजी आयुष्यभर वाकून राहिला. कोणासमोर उभं राहून विचारायची धमक त्याच्यात कधी नव्हती, म्हणून तो आंब्याच्या झाडावर राहिला आणि मी फळ्यासमोर गेलो. तुझं उत्तर ऐकून तो गप्प झाला ही भीती आहे. तिला मान दे, पण ती अंगाला लावून घेऊ नकोस.

वाक्य कुठून आणलं म्हणून विचारतो. माझ्या पोटातून आणलं, सांग त्याला.

तुझा,
भाईकाका

---

धामापूर, २६ जून

ती. भाईकाका,

कुडाळचं भाषण कोणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. दोन दिवसांत ते गावात प्रत्येकाकडे पोचलं. धामापूरहून दोडामार्गला गेलेली मुलगी एकच होती. आता तळ्याकडून येताना पोरं हाक मारतात, "ए माझीच." काल एसटीत कंडक्टर म्हणाला, "माझीच, तिकीट कोणाचा काढू?" अख्खी गाडी हसली. मीही हसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

पण मी त्यासाठी लिहीत नाही. पहिल्या पत्रात मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती. त्या दिवशी गुणपत्रिका बघा असं म्हणून मी ताठ मानेनं उठले आणि ती गुणपत्रिका तिथेच टेबलावर विसरून आले. मूळ प्रत. घरीही सांगितलं नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर तर सांगायची सोयच राहिली नाही. शेवटी सोमवारी आईला खोटं सांगून ती आणायला गेले.

शंकर नाईकांनी ती खणात जपून ठेवली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, "तू त्या दिवशी रागान गेलंस. माका समाजलाच नाय माझा काय चुकला."

मी म्हणाले, "तुम्ही फाईल न बघता कोणाची म्हणून विचारलंत."

ते म्हणाले, "बाय, पाळी सुटता सात वाजता. त्या वेळाक धामापुराक जावक गाडी नाय. तुझा हयसर कोण आसा, तुका कोणाच्या घराकडे सोडूची, उशीर झालो तर कोणाक फोन करूचो, ह्या माका कळूक नको? पोरगी ठेवन घेतंय तर जबाबदारी माझी मा?"

भाईकाका, तेवढंच होतं. पुढचा प्रश्नच त्यांनी राहणार कुठे असा विचारला होता. मी ऐकला, तुम्हाला लिहूनही कळवला. तुम्हीही वाचला. दोघांपैकी कोणाला तो कळला नाही.

मग त्यांनी पिशवीतून गुणपत्रिका काढली आणि त्यावरचं वडिलांचं नाव वाचलं. दोनदा वाचलं. "दाजी राऊळ म्हणजे धामापूरचो? हायस्कुलात लॅबमध्ये होतो तो?"

मी म्हणाले, बाबा कधीच शाळेत नव्हते, ते शेती करतात.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी सांगितलं ते लिहिते. बाबा तुमच्याच हायस्कुलात तीन वर्षं प्रयोगशाळेत परिचर होते, हंगामी. १९८६च्या जूनमध्ये त्यांचं नाव कायम व्हायचं होतं. त्याच महिन्यात तुमची मुलाखत झाली. एका घरात दोन जागा देणार नाही, असं संस्थेनं सांगितलं. बाबांनी आपली सोडली. ती शंकर नाईकांना मिळाली. तिथेच राहून ते पुढे शिकले आणि कारखान्यात आले. म्हणाले, "तुझ्या बापाशीन सोडलेल्या जाग्यार मी लागलंय. तेचो खाकी कोट माका ढगळ होतो. खिशात तेच्या अक्षरातलो कागद गावलो, बाटल्यांची नावा लिवलेली. तो कागद बघून बघून मी शिकलंय."

ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडात नाही. मी बीएस्सी झाले भाईकाका, आणि माझ्या बापाला हे कुठून माहीत असा प्रश्न मला कधी पडला नाही. आईलाही काही माहीत नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली होती.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. 'धमक कधी नव्हती' इथपर्यंत वाचून मग थांबले. ते म्हणाले, "वाच गो, पुढे वाच." मी वाचलं.

शंकर नाईक म्हणतात तिथे दुसरी जागा पहिल्या तारखेपासून भरायची आहे. "दाजीची पोरगी आसस, दुसऱ्या कोणाक बोलवक नको. सोमवारपर्यंत कळव." ती घ्यावी की नाही ते मला कळत नाही. 'माझीच' म्हणून उठून आले आणि आता बाबांची म्हणून आत जाऊ? पूजा अजून घरी आहे.

आधी एवढं सांगा. ते म्हणाले ते खरं आहे का?

समीक्षा

---

(पोस्टकार्ड)
मालवण, २८ जून

चि. समीक्षा,

चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी माणसाला जशा हव्या तशा आठवतात. शंकर नाईक त्या वेळी तिथे नव्हता. मुलाखत माझी होती, गुण माझे होते. दाजी काही दिवस शाळेत कामाला जात असे, इतपत खरं. त्या जागेवर तू जाऊ नकोस. मेहेरबानीची सुरुवात अशीच गोड असते. बाकी भेटीत.

भाईकाका

---

धामापूर, १ जुलै

भाई,

तुझा कार्ड पोस्टमनान माझ्या हातात दिल्यान. उघडा कार्ड, वाचूचा न वाचूचा काय रवता?

मी पोरीक काय सांगूक गेलंय नाय. तिका शंकरान सांगल्यान. शंकर खोटा बोलणारो माणूस न्हय.

कोट सोडल्याचा माका कधी काय वाटला नाय. घरात एक मास्तर झालो, आमका पुरा होता. तुका लोका हार घालतत, माका बरा वाटता. तू सभेत सांगतस माझ्याबरोबर कोण नव्हतो, ता पण मी आयकान सोडून दिलंय. सभेत माणूस वाढवन बोलता.

पण पोरीक तू लिवलस, बापाशीक धमक नव्हती. माझ्याच तोंडासमोर तिना ता वाचल्यान. ती वाचताना रडाक लागली आणि माका तिच्याकडे बघूक जमला नाय.

भाई, त्या खोलयेत आपण सात माणसा होतंव. पाच आता नाय. तू अध्यक्षाक काय म्हटलस आणि मी काय म्हटलंय, ह्या तुका नि माकाच ठावक. तू म्हटलस, कोणाचो नाय. मी काय म्हटलंय ता तू कधी कोणाक सांगलस?

पोरीक खरा सांग. माका पत्र धाडू नको. येवन जेवन जा.

दाजी

---

मालवण, ४ जुलै

चि. समीक्षा,

पोस्टकार्डावर मी खोटं लिहिलं. ते फाडून टाक असं लिहिणार होतो. फाडू नकोस, ठेव.

जे झालं ते असं.

दाजीनं मला सायकलवर मागे बसवून शाळेत नेलं. माझा शर्ट त्यानंच इस्त्री केला होता. शाळेच्या फाटकाच्या अलीकडे मी त्याला म्हणालो, मी उतरतो, तू पुढे जा, आपण वेगवेगळे जाऊ. तो सायकल घेऊन पुढे गेला. त्याला वाटलं असेल मी घाबरलो आहे. मी घाबरलो नव्हतो. त्याच्या अंगावर खाकी कोट होता आणि त्या कोटाला प्रयोगशाळेचा वास यायचा, सडक्या अंड्यासारखा. त्या वासाबरोबर मला आत जायचं नव्हतं.

मुलाखत सुरू होती तेव्हा तो चहाचा ट्रे घेऊन आत आला. सहा कप होते. त्यानं पाच कप समितीपुढे ठेवले आणि सहावा माझ्यासमोर. मी मान हलवून आभार मानले, परक्या माणसाचे मानतात तसे. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "कोणाचो रे तू?"

माझा भाऊ माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मी म्हणालो, "कोणाचाही नाही साहेब. माझ्या गुणांवर आलो आहे."

हे वाक्य मी चाळीस वर्षं व्यासपीठावरून सांगतो आहे. त्यानंतरचं वाक्य मी कधीच सांगितलं नाही. दाजीनं रिकामा ट्रे छातीशी धरला आणि म्हणाला, "माझो. भाव माझो."

पाचही जण माझ्याकडे बघायला लागले. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. त्यांना पुढे बोलता आलं नाही, हे मी पत्रकात लिहिलं ते खरंच आहे. पण ते माझ्या तेजानं गप्प झाले नव्हते. त्यांना माझी लाज वाटली होती.

मग मला बाहेर बसायला सांगितलं. दाजी आतच होता. दहा मिनिटांनी तो ट्रेमध्ये उष्टे कप घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "झाला तुझा काम." आत त्याला काय विचारलं, त्यानं काय कबूल केलं, हे मी त्याला त्या दिवशी विचारलं नाही. पुढच्या सोमवारी तो कोट दुसऱ्याच्या अंगावर दिसला. तेव्हाही विचारलं नाही. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून विचारलं नाही.

धमक नसलेला माणूस त्या खोलीत एकच होता आणि तो चहा पीत होता.

तू नोकरी घ्यावी की नाही हे मी सांगत नाही. तुला न जाण्याचा सल्ला दिला तोही तुझ्या भल्यासाठी नव्हता. तू तिथे गेलीस तर ही गोष्ट रोज शंकर नाईकांच्या तोंडून ऐकशील, याची मला भीती वाटली.

दाजीनं जेवायला बोलावलं आहे. दोनदा स्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो.

भाईकाका

---

दोडामार्ग, १३ जुलै

ती. भाईकाका,

पत्ता बघून कळलं असेल. नोकरी मी घेतली. तुमचं पोस्टकार्ड बाबांनी चुलीवरच्या फळीवर ठेवलं होतं, तिथून घेऊन मी वाचलं आणि त्याच सकाळी शंकरकाकांना हो म्हणून कळवलं. तुमच्यावरच्या रागात कळवलं. तुमचं चार तारखेचं पत्र नंतर आलं, बाबांनी ते न उघडताच इकडे पाठवून दिलं.

इथे तुळसाकाकीकडे राहते. त्या एकट्या असतात, कारखान्यात गर निवडतात. पहिल्या दिवशी त्यांनीही दारातच विचारलं, "कोणाची गो तू?" मी म्हणाले, "धामापूरच्या दाजी राऊळांची." म्हणाल्या, "ये मगे आत." एवढंच. हे इतकं सोपं होतं आणि मला त्यासाठी दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

काम चांगलं आहे. गरांतला ओलावा मोजायचा, नमुने काढायचे, वहीत लिहायचं. रिया माझ्यापेक्षा झरझर करते. तिनं मला यंत्र शिकवलं, आणि एकदाही 'माझीच' म्हणाली नाही. बाकावर हसली ती तीच होती, हे तिनं स्वतःच सांगितलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल पूजाचा फोन आला. कसालची, ब्याऐंशी टक्केवाली. तिला कोणाकडून तरी कळलं की मी लागले. अभिनंदन म्हणाली. मग म्हणाली, "तुका परत मुलाखतीक बोलयल्यानी? माका कॉल इलो नाय. माझा काय चुकला असात गो? मी उत्तरा तर बरी दिल्लय."

भाईकाका, मी तिला म्हणाले, "काय माहीत गो. नशीब." असंच म्हणाले. तुम्ही पोस्टकार्डावर जसं लिहिलंत तसंच ते माझ्या तोंडून सहज बाहेर पडलं. मुलाखत झालीच नाही, माझ्या बापाच्या नावावर जागा मिळाली, हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. फोन ठेवल्यावर मला माझीच शिसारी आली. ती आता घरी बसून आपलं काय चुकलं ते शोधत असेल. तिचं काहीच चुकलेलं नाही.

तुम्ही मला पत्रात खरं सांगितलंत. ते वाचून मी रडले, आणि बाबांना फोन करून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चाय गरम होती, ता लिवल्यान काय?" पण कुडाळच्या त्या तीनशे मुलांना तुम्ही काय दिलं आहे ते आठवा. बसस्टॉपवर तुमचं पत्रक अजून लागलेलं आहे. परवा कोणीतरी 'माझाच' म्हणून उठेल आणि त्याची गुणपत्रिका टेबलावर राहील. सगळेच शंकरकाका नसतात.

मी आज पूजाला पत्र लिहिते आहे. फोनवर धीर होणार नाही. तुम्हीही लिहा. मला नको, त्यांना लिहा.

आणि जेवायला जा. बाबा शनिवारची वाट बघतात. मासे आणून ठेवतात आणि मग शेजाऱ्यांना देतात.

समीक्षा

---

पत्रक
धामापूर, २७ जुलै २०२५

सिंधुदुर्गातल्या मुलांनो, मुलींनो, आणि या वेळी त्यांच्या आईबापांनो, काकामामांनो, निवृत्त मास्तरांनो, नोकरीत मुरलेल्या सर्वांनो,

दोन जूनचं माझं पत्रक तुमच्या गावात कुठे लागलेलं असेल तर त्याच्यावर हे चिकटवा.

त्यात मी लिहिलं होतं की माझ्याबरोबर कोणी नव्हतं. ते खोटं आहे. माझा मोठा भाऊ दाजी राऊळ माझ्याबरोबर होता. त्याच्या सायकलवर मी गेलो, त्यानं इस्त्री केलेला शर्ट घालून बसलो, त्यानं आणलेला चहा प्यालो आणि त्याच्यासमोर म्हणालो की मी कोणाचाही नाही. तो म्हणाला, "माझो." मग त्यानं आपली होऊ घातलेली कायम नोकरी सोडली आणि माझी झाली. मी छत्तीस वर्षं शिकवलं ते त्याच्या जागेवर. ती मान ताठ नव्हती. ती मागे वळून बघायला घाबरत होती.

हे मी त्याच्या पडवीत बसून लिहितो आहे. तीन शनिवार चुकवून चौथ्या शनिवारी आलो. पानावर बसलो आणि माफीचं बोलायला लागलो. तो म्हणाला, "जेव रे, भाषाण मगे कर."

मुलांनो, मी तुम्हाला खोटं वाक्य दिलं. ते तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून वापरलं असेल आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं असेल, तर त्याचा दोष माझा आहे. कोणाचो म्हणून विचारणारा प्रत्येक जण तुमचा अपमान करत नसतो. कधी तो तुम्हाला संध्याकाळी कोणाच्या दारात सोडायचं ते विचारत असतो. बापाचं नाव सांगण्यात कमीपणा नाही. मी माझ्या भावाचं सांगितलं नाही, कमीपणा त्यात होता.

पण वशिला संपलेला नाही, आणि मी त्याची बाजू घेत नाही. आजही या जिल्ह्यात मुलाखत न घेता जागा भरतात. माझ्या घरातल्या मुलीला तशीच जागा मिळाली. तिच्याहून जास्त गुणांची मुलगी कसालला घरी बसून आहे आणि स्वतःला विचारते आहे की माझं काय चुकलं. तिला हा प्रश्न कोणामुळे पडतो? आपल्यामुळे. कारण आपण सगळे, ज्यांना कोणीतरी हाताला धरून आत नेलं, बाहेर येऊन सांगतो की मी माझ्या हिमतीवर लागलो. लग्नात सांगतो, सत्कारात सांगतो, पोरांना झोडपताना सांगतो. ती पोरं ते खरं मानतात. मग ज्याच्या मागे कोणी नाही तो पोरगा रिकाम्या हातानं घरी येतो आणि त्याला वाटतं की हिंमत आपल्यातच नाही. शब्द टाकणारा लपतो, ज्याच्यासाठी टाकला तो लपवतो, आणि लाज मात्र तिसऱ्याच्या घरी जाते, ज्यानं काहीच केलेलं नाही.

ही लाज आपली आहे. ती आपण परत घेतली पाहिजे. जोवर नावं झाकलेली आहेत तोवर वशिला म्हणजे वाऱ्यातली गोष्ट आहे, कोणालाही धरता येत नाही. नाव उच्चारलं की तो दिसतो. उपकार असेल तर उपकार म्हणून दिसतो, अन्याय असेल तर अन्याय म्हणून दिसतो. आणि कसालच्या त्या मुलीला निदान एवढं कळतं की ती कमी पडली नव्हती.

येत्या पंधरा ऑगस्टला तुमच्या गावात ग्रामसभा आहे. झेंडावंदन झालं की घरी जाऊ नका. आत जाऊन बसा. ज्या कोणाच्या पहिल्या नोकरीसाठी दुसऱ्या माणसानं शब्द टाकला, जागा सोडली किंवा ओळख दिली, त्यानं हात वर करून उभं राहावं आणि त्या माणसाचं नाव सांगावं. भाषण नको. आभार नकोत. तो माणूस सभेत बसला असेल तर त्याच्याकडे बघून सांगा.

धामापुरात मी पहिला उभा राहणार आहे. माझ्यानंतर माझी पुतणी समीक्षा उभी राहील, ती त्यासाठी दोडामार्गहून येते आहे. दाजी म्हणतो, "माका मागच्या बाकार बसू दे." त्याला पुढच्या बाकावर बसवायची जबाबदारी मी घेतली आहे.

पंधरा ऑगस्टला उभे राहा आणि नाव घ्या.

परशुराम राऊळ
दाजी राऊळांचा भाऊ